विहिरीवरचं ऊन

दसऱ्यात म्हैसूरला जाऊन आलो म्हटलं की सोलापुरात प्रत्येकजण एकच विचारतो, "हत्ती पाहिला का?" मी "पाहिला" म्हणतो आणि विषय बदलतो. शेजारी शुभदा, म्हणजे माझी बायको, उभी असली तर ती विषय बदलू देत नाही. "कुठला हत्ती, ते विचारा," म्हणते. दर गिऱ्हाइकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी माझ्याबद्दल. वय पन्नाशीला टेकलेलं, धंदा चष्म्याचा, आणि छंद असा की पाहुण्यांसमोर मी त्याबद्दल बोलायला लागलो की शुभदाला आत गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम असायचे ना, वरच्या खाचेत प्लास्टिकची चौकोनी कॅसेट खुपसायची? त्या कॅसेटी मी जमवतो. जाणकार मंडळी त्यांना कार्ट्रिज म्हणतात. लहानपणी आपण कॅसेटच म्हणायचो, मी अजून म्हणतो. प्रत्येक कॅसेटचा फोटो, उघडून आतल्या हिरव्या पट्टीचा, म्हणजे सर्किटचा, फोटो, लेबल, कवच, दोष, अशी रकान्यांची सूची करतो आणि माझ्यासारख्याच रिकामटेकड्यांच्या ग्रुपवर टाकतो.

त्या ग्रुपवर रेणुका माने नावाच्या मुलीनं म्हैसूरहून एक फोटो टाकला. राखाडी कॅसेट, वर हातानं लिहिलेलं कन्नड लेबल. खाली तिनं लिहिलं होतं: माझ्या अप्पांनी घरी बनवलेला गेम, अंबारी घेतलेला हत्ती राजवाड्यापासून मैदानापर्यंत न्यायचा, अंबारी कलू द्यायची नाही. अप्पा तंत्रनिकेतनात शिकवायचे, आता नाहीत. प्रत ही एकच.

एकच. ग्रुपवर दोन दिवस कुणाला दुसरं काही सुचलं नाही. असली घरगुती कॅसेट आपल्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. तिची नक्कल करून ठेवली नाही आणि ती बिघडली, तर तो गेम जगातून गेला. रेणुकानं कळवलं, "दसऱ्यात या काका. तेव्हा अम्मा खुशीत असते." मी शुभदाला दसऱ्याची मिरवणूक दाखवतो असं सांगून तयार केलं. बॅगेत तिच्या दोन रेशमी साड्या आणि माझा जुना गेमचा डबा, चिपवरचा मजकूर उतरवून घेणारं यंत्र, स्पिरिट, कापूस. वजनाच्या बाबतीत साड्या हरल्या.

चामराजपुरम, पहिली दुपार

उतरलो सरस्वतीपुरमला, एका साध्या लॉजवर. सकाळी तिथल्याच कोपऱ्यावर लोण्याचा गोळा घातलेला डोसा खाल्ला. आपल्याकडे डोसा कडक हवा म्हणून भांडण होतं, इथं तो आतून मऊ असतो आणि कुणी तक्रार करत नाही. शुभदा दुसरा मागवत होती. मी घड्याळ बघत होतो. तिकडे आभाळ भरलेलं होतं, आणि शेजारचे निवृत्त मास्तर छापाचे गृहस्थ मिरवणुकीच्या दिवशी पाऊस नको म्हणून काळजी करत होते. मीही मान हलवली. त्याच दुपारी मी नेमकं उलटं मागणार होतो, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मान्यांचं घर चामराजपुरममध्ये, कौलारू, बैठं, नीटनेटकं. पूर्वज कधीकाळी महाराजांच्या घोडदळात होते. घरात मराठी टिकून आहे, पण वाक्य अर्ध्यावर आलं की कन्नड त्यात येऊन बसतं. रेणुकाची आई सरोजाबाई दारातच उभ्या होत्या, डोक्यात म्हैसूरचा मोगरा.

"या, या. बसा की राव. प्रवास चेन्नाग झाला काय? वैनी, आधी गोंबी बघा, आमेले कापी."

गोंबी म्हणजे बाहुल्या, आमेले कापी म्हणजे नंतर कॉफी. तिकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात. सगळ्यात वर लग्नात माहेरून आलेली लाकडी राजा-राणीची जोडी, खाली देव, लग्नाची वरात, बँडवाले, पुढ्यात धान्याची पोती घेऊन बसलेला पोटाळ शेटजी. जमिनीवर त्या वर्षीचा खास देखावा. दुपारपासून आजूबाजूच्या बायका-मुलं बघायला येतात, त्यांच्या हातावर हरभऱ्याची उसळ पडते. आपल्याकडे घट बसतो, परडीतल्या मातीत धान्य उगवतं, आणि बघायला फार कुणी येत नाही. मला त्यांची पद्धत आवडली. एकतर उसळ फार चांगली होती.

"काका, कॅसेट," म्हणून रेणुकानं कपाटातून ती काढून माझ्या हातात दिली.

हातात घेताच कळलं. वजनच नव्हतं. हलवून बघितली, आतून काही वाजलं नाही. मागचे स्क्रू नव्हते.

"अम्मा, ह्यातलं आतलं कुठं?"

"ते काय," सरोजाबाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं. आवाजात अभिमान होता. "शेत केलं की. आमचं बन्नूरचं. दरवर्षी मी मोहरी पेरून भात करते. ह्या वर्षी मोहरी उगवलीच नाही बघा. मग हे हिरवंगार सापडलं. रेघा कशा, बांध असल्यागत."

सरोजाबाईंचं माहेर बन्नूर. त्यांच्या देखाव्यात ऊस होता, टूथपिकांना कागदाची पानं लावून केलेला. बैलजोडी होती. आणि मधोमध, वाळूत अर्धवट रोवलेलं, जगातलं एकमेव असं ते सर्किट भाताचं शेत होऊन पडलं होतं. त्यावर पाणी शेंदणारी एक मातीची बाई.

"आणि ही विहीर," सरोजाबाई म्हणाल्या. "काळा कागद चिकटलेला होता, घाण. सोलला तर खाली गोल काच. आरशागत. बाईला पाणी मिळालं."

मी खाली बसलो.

इथं थोडं सांगायला हवं. कारखान्यात बनलेल्या कॅसेटमधली चिप पक्की असते. घरी बनवणारा माणूस पुसता येणारी चिप वापरतो. तिच्या पाठीवर एक बारकी काचेची खिडकी असते. त्या खिडकीतून अतिनील किरण आत गेले की चिपमधलं सगळं पुसलं जातं. म्हणून लिहून झालं की खिडकीवर काळी चिकटपट्टी लावतात. तीच घाण. उन्हात ती उघडी राहिली तर अक्षर अक्षर करत गेम विरत जातो, आणि बाहेरून काही दिसत नाही. माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, अतिनील किरणांपासून संरक्षण. ते वाचून लोक डोळे वाचवायला येतात.

शेतात चिपा दोन होत्या. दुसरीवरची काळी पट्टी शाबूत होती.

"ही नाही सोलली?" मी विचारलं.

"एका शेताला दोन विहिरी कशाला?" सरोजाबाई म्हणाल्या.

एका चिपेत चित्रं असतात, दुसरीत गेमची सगळी चाल. चित्रांवर दोन-चार डाग पडले तर निभावतं. चालीतलं एखादं अक्षर गेलं तरी पडदा काळा. उघडी पडलेली चिप यातली कोणती, ते सर्किटची पट्टी उचलून उलटी करून बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. मी हात पुढे केला.

"हां हां, राव. बेडा, नको."

"फक्त उलटून—"

"एकदा मांडलं की विजयादशमीला गोंबी निजवेपर्यंत हात लावायचा नाही. काढायचं नाही, सरकवायचं नाही. माझ्या सासूनं सांगितलेलं."

मी शुभदाकडे बघितलं. म्हटलं, ही समजावून सांगेल. ती म्हणाली, "आपण बसलेला घट मधेच हलवतो का?"

माझ्या बाजूनं बोलणारं त्या खोलीत कुणीच राहिलं नाही.

आणि मग आभाळ उघडलं. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाची तिरीप आली, ती थेट वरच्या पायरीवरच्या राजा-राणीवर. आलेल्या बायका "अय्यो, चंद, चंद", म्हणजे किती सुंदर, म्हणायला लागल्या. सरोजाबाई हात जोडून उभ्या. रेणुकानं हळूच सांगितलं, ते कौल अप्पांनीच बसवलं होतं, मोजून-मापून, दसऱ्यात दुपारी ऊन जोडीवर पडावं म्हणून. म्हणजे कौलावर पोतं टाका असं म्हणायचीही सोय नाही. ज्या माणसानं गेम लिहिला त्याचंच ऊन आता पायरी-पायरीनं खाली उतरत होतं. वरात, बँडवाले, शेटजी. काच थोडे किरण अडवते, सगळे नाही. नक्की किती, हे सांगणं माझा धंदा आहे आणि मला सांगता येत नव्हतं.

तिरीप जमिनीवर आली तसा मी उठलो आणि मधे जाऊन उभा राहिलो. माझी सावली बरोबर बन्नूरवर पडली. चष्मेवाल्याच्या पोटाचा आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उपयोग होत होता.

"राव, तुम्ही मधे उभारलात, गोंबी दिसेनात कुणाला."

"पाय आखडलेत. जरा उभा राहतो."

"तिकडं उभारा की."

मी तिकडं सरकलो. ऊन विहिरीत पडलं. काच इतकी छान चमकली की एका लहान मुलीनं टाळ्या वाजवल्या.

सरस्वती पूजेची सकाळ

लॉजवर शुभदा म्हणाली, "सरळ सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुमच्या नवऱ्याचं काम तुमच्या हातानं पुसलं जातंय, असं? सणाच्या दिवसांत?"

ती म्हणाली, "कधीतरी कळणारच आहे. तेव्हा तू आधी का नाही सांगितलंस म्हणतील."

हा सल्ला ऐकायला मला नेहमी उशीर लागतो. त्या दिवशी लगेच ऐकला, कारण खिडकीबाहेर आभाळ निळंशार होतं.

त्या दिवशी तिकडे पुस्तकांची पूजा असते. सरोजाबाईंनी गोंब्यांसमोर पाट मांडून पुस्तकं रचली होती. रेणुकाची, नवऱ्याची जाडजूड इलेक्ट्रॉनिक्सची, वर एक पंचांग. सहाणेवर चंदन उगाळत होत्या. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. काच, ऊन, पुसणं. अडखळत सांगितलं, पण सांगितलं. त्यांचा उगाळणारा हात थांबला.

"म्हणजे मी पुसलं काय ते?"

"अजून माहीत नाही. एक विहीर तुम्ही झाकलेलीच ठेवलीय."

त्यांनी शेताकडे बघितलं. मग परत उगाळायला लागल्या. "रीत मोडायची नाही मला," म्हणाल्या. "ह्यांनी पण मोडली नसती."

रेणुका पाटावरची पुस्तकं उगाच सारखी करत होती. तीच म्हणाली, "अप्पा वर्षभर लिहीत होते तो गेम."

"लिहीत कुठं होते? कॉम्प्युटर बडवत होते."

"त्यालाच लिहिणं म्हणतात, अम्मा."

शुभदानं एकदम मान वर केली. "मग ताई, हे त्यांचं पुस्तकच झालं की. सगळ्या पुस्तकांना गंध लावताय, त्यालाच नाही?"

सरोजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "राव, खरंच? लिहिलेलं असतंय ह्यात?"

"अक्षर न् अक्षर."

"हलवावं लागत नाही?"

"जागच्या जागी. फक्त गंध जरा दाट असू दे."

जुन्या सर्किटला हात लावताना मी रबरी हातमोजे घालतो. कुणी नुसती फुंकर मारली तरी अंगावर काटा येतो, ओलाव्यानं संपर्काच्या पट्ट्या गंजतात. आणि त्या सकाळी मी जगातल्या एकमेव प्रतीला ओलं चंदन थापा म्हणून विनवत होतो. सरोजाबाईंनी करंगळीजवळच्या बोटावर गंध घेतलं, वाकल्या, आणि ते काळी पट्टी असलेल्या चिपेला लावलं. तिच्यावर कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं, म्हणून असेल.

"ताई," मी म्हणालो, "विहिरीत पण लिहिलंय."

"विहिरीत?"

"विहिरीतच जास्त."

हे मी ठोकून दिलं. त्यांना थोडं हसू आलं. मग दुसऱ्यांदा बोट भरून, पाणी शेंदणाऱ्या बाईला धक्का न लावता, त्यांनी खिडकीवर चंदनाचा गोळाच ठेवला आणि वर कुंकू दाबलं. विहीर बुजली. मी इतका मोठा श्वास सोडला की समईची ज्योत हलली, आणि शुभदानं मला कोपर मारलं.

मधले दिवस

तुम्हाला वाटेल, झालं. मलाही वाटलं होतं. दुपारी तिरीप खाली आली तेव्हा मी सहज बघायला वाकलो, तर गंध वाळून त्याला भेग पडलेली. कपाळावर आपल्या पडते तशी. तेव्हापासून माझं म्हैसूर म्हणजे ती भेग. शुभदानं राजवाड्याचे दिवे पाहिले, मी भेग पाहिली. ती नंजनगूडची बारकी गोड केळी घेऊन आली, मी साल हातात धरून भेग पाहत होतो. सरोजाबाई रोज सकाळच्या पूजेत नवीन गंध लावायच्या, दुपारपर्यंत ते तडकायचं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता आभाळाकडे बघायचो. अख्खं शहर ऊन मागत होतं. चामराजपुरमच्या एका घरातून ढगांची मागणी जात होती.

आयुधपूजेच्या दिवशी रस्ताभर स्कूटरना झेंडूचे हार, बसच्या तोंडाला केळीचे खांब. आपल्याकडे हे दसऱ्याला, तिथं आदल्या दिवशी. दृष्ट काढून कोहळे रस्त्यावर आपटतात, आत कुंकू भरलेलं असतं. आभाळाकडे बघत चालणाऱ्या माणसानं अशा रस्त्यावर जायचं नसतं. मी एका कोहळ्यावरून घसरलो. घोटा मुरगळला, पँट लाल झाली. रिक्षावाल्यानं रक्त समजून थेट दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या नर्सबाईंनी वास घेऊन सांगितलं, "कुंबळकाई." कोहळा.

विजयादशमी

शुभदा रेशमी साडी नेसून रेणुकाबरोबर मिरवणुकीला गेली. मी सुजलेला पाय स्टुलावर ठेवून गोंब्यांसमोर. सरोजाबाई शेजारी खाली बसल्या, भाजी निवडत. लांबून तोफांचे आवाज येत होते. तिरीप शेटजीच्या पोटावर आली होती.

"तुम्ही जायचं होतं हत्ती बघायला," त्या म्हणाल्या.

"पाय."

"पाय काय. रिक्षानं गेला असता."

त्यांनाही कळलं होतं मी का बसलोय.

"ह्यांनी मला बोलावलं होतं एकदा," त्या म्हणाल्या. "सरोजा, ये, हत्ती चालला बघ. मी म्हटलं, आमेले बघते, कुकर लावलाय. सुम्ने, उगाच मुलांचा खेळ वाटला मला." एक देठ मोडला. "नंतर टीव्ही बिघडला, नवीन आला, त्याला ते लागेना. राहिलंच."

ऊन बन्नूरला पोचलं. सकाळचा गंधाचा गोळा तडकलेला दिसत होता. सरोजाबाईंनी भाजीची परात बाजूला ठेवली, उठल्या, आणि त्या तिरीपीत स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता. सावली पडली. ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

दिवेलागणीला मंडळी परतली, शुभदाचा आवाज बसलेला, चप्पल एक. सरोजाबाईंनी आरती केली, वरच्या पायरीवरचा राजा उचलून आडवा निजवला, मग राणी. "झोपा आता," म्हणाल्या. आणि मला, "घ्या राव तुमचं शेत."

वाळू झटकली. गंध तसंच ठेवलं, वर काळी पट्टी लावली. संपर्काच्या पट्ट्या स्पिरिटनं पुसल्या. शुभदानं कापूस धरला. माझा डबा, नव्या टीव्हींसाठी मुद्दाम आणलेली जोडवायर लावून, त्यांच्या टीव्हीला जोडला, पट्टी खाचेत बसवली, बटण दाबलं.

राखाडी पडदा.

परत पुसली, परत बसवली. राखाडी. सरोजाबाई पदर हातात धरून उभ्या होत्या. "पुसलंच की मी," त्या म्हणाल्या. मग रेणुकानं पट्टी माझ्या हातातून घेतली, लहानपणी सगळी मुलं करायची तशी तिच्यावर फुंकर मारली, माझ्या अंगावर ठरलेला काटा आला, आणि तिनं ती खाचेत ढकलली.

संगीत वाजलं. बिघडलेल्या सनईसारखं, पण वाजलं. म्हणजे चालीची चिप जिवंत होती. उघडी पडली होती ती चित्रांची चिप. पडद्यावर डावीकडून हत्ती आला. पाठीवर अंबारी, गळ्यात घंटा, आणि अंगभर पांढरे ठिपके. जिथं जिथं चिपेतलं अक्षर उडालं, तिथं तिथं हत्तीला भोक. सोंडेवर, कानावर, झुलीवर. माझ्या तोंडातून "गेले हे भाग" असं काहीतरी निघालं.

सरोजाबाई पडद्याजवळ गेल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"गेलं कुठं," त्या म्हणाल्या. "ऊन पडलंय की त्याच्यावर."

रेणुकानं खेळायचा रिमोट त्यांच्या हातात दिला. पहिल्याच वळणावर अंबारी कलली. त्यांनी पदर खोचला आणि परत सुरू केलं. त्या रात्रीचा स्वयंपाक शुभदानं केला.

निघण्याआधी मी दोन्ही चिपांची नक्कल उतरवून घेतली. मूळ पट्टी आणली नाही. मागितलीही नाही, कारण मी तोंड उघडायच्या आत सरोजाबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मोहरी उगवेल की नाही कुणाला ठाऊक." ग्रुपवरच्या हुशार पोरांनी कळवलंय की ते ठिपके एका संध्याकाळात भरून हत्ती मूळचा करता येईल. मी सरोजाबाईंना फोनवर विचारलं. "राहू दे," असं उत्तर आलं. सूचीत दोष नावाचा रकाना असतो. तो या एका ओळीत मी रिकामा सोडलाय.

अप्पांची पट्टी आता कॅसेटमध्ये बंद राहावी, म्हणून मी माझ्याकडची एक मेलेली, हिरवीगार पट्टी त्यांना पार्सलनं पाठवली. कारखान्याची, बिनखिडकीची. पोचल्याचा निरोप रेणुकाकडून आला: "अम्मा म्हणते, शेत चांगलं आहे. पण विहीर कुठं?"

म्हणून काल दुकान बंद करायच्या आधी एक भिंग घासून नखाएवढं गोल केलं आणि पाकिटात घातलं. अतिनील किरणांपासून संरक्षण असलेलं.